माल कुणाचा, हमी कुणाची?

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात तिथल्या सरकारचं राष्ट्रीय माहिती केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्याच्या पाचव्या मजल्यावर कामगार यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवत होते. सर्व्हरच्या शेजारी बॅटऱ्या असणं धोक्याचं, म्हणून त्या तळघरात न्यायच्या होत्या. काम सुरक्षिततेसाठीच काढलेलं होतं. त्यातल्या एका बॅटरीने पेट घेतला आणि आग पूर्ण विझायला सुमारे बावीस तास लागले. टपाल, ओळखपत्रं, नागरिकांचे दाखले अशा ६४७ सरकारी प्रणाली बंद पडल्या. काही दिवसांनी हा आकडा ७०९ वर गेला, कारण कोणत्या प्रणाली तिथे चालतात याची यादी ठेवणारी यंत्रणाच आधी बंद होती. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली साठवणाऱ्या ‘जी-ड्राइव्ह’मधली ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. त्या बॅटऱ्या २०१४ साली बसवलेल्या होत्या आणि त्यांची दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती.

त्याच देशात त्याआधी तीन वर्षं, १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, पांग्यो इथल्या एका खासगी डेटा सेंटरच्या बॅटरी खोलीत आग लागली होती. अख्खा देश ज्यावर बोलतो, पैसे पाठवतो, टॅक्सी बोलावतो ती काकाओची सेवा कोलमडली. ती पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटं लागली आणि कंपनीच्या एका सहमुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं.

दोन्ही वेळी चर्चा झाली ती बॅकअप का नव्हता याची. ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या मनात दुसराच प्रश्न राहिला. त्या बॅटऱ्यांचा लॉट कोणता होता? त्याच लॉटमधल्या बॅटऱ्या आणखी कुठे बसल्या होत्या, तिथे त्यांनी कधी कुरकुर केली होती का, केली असेल तर ती कुणी लिहून ठेवली होती का? मोटारीचा ब्रेक बिघडला तर कारखाना त्या लॉटमधल्या सगळ्या गाड्या परत बोलावतो. विमानाचा एक बोल्ट तुटला तर तो कोणत्या भट्टीतल्या पोलादाचा होता इथपर्यंत माग काढता येतो. आपली बँक, आपला सातबारा, आपली औषधांची पावती ज्या इमारतींत राहते, तिथल्या यंत्रसामग्रीबाबत असा माग काढण्याची सर्वमान्य पद्धत अजून बसलेली नाही. ती बसवण्याचे प्रयत्न आता सुरू झाले आहेत, आणि त्यांच्याकडे महाराष्ट्रातल्या कारखानदारांनी फार बारकाईने पाहायला हवं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथे खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. हा टीटीसी एमआयडीसीचा पट्टा. एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी तो ओळखला जाई. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, वीज त्यातल्या त्यात भरवशाची आहे. त्यामुळे देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात एकवटला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं उघडली, अॅमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६ मध्ये सुरू झाली, पनवेलला योट्टाचं भलंमोठं केंद्र २०२० मध्ये उभं राहिलं.

अशा इमारतीत संगणक असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे जागेचा, पैशाचा आणि डोकेदुखीचा मोठा हिस्सा संगणकांव्यतिरिक्तच्या सामानाचा असतो. बाहेरून येणारी उच्च दाबाची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, स्विचगियरमधून यूपीएसकडे जाते, तिथून बसबारने रॅकपर्यंत पोचते. वीज गेली की काही सेकंद ते काही मिनिटं बॅटऱ्या भार उचलतात आणि तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू व्हावे लागतात. चिलर, पंप, व्हॉल्व, पाइप, आग विझवणारी वायूची यंत्रणा, शेकडो सेन्सर, उंचावलेली जमीन, रॅकचे पत्रे. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या कारखान्यातून येते आणि त्या प्रत्येक कारखान्याला माल देणारे आणखी पन्नास छोटे कारखाने असतात.

मानकं नाहीत असं मुळीच नाही. इमारतीच्या रचनेसाठी अपटाइम इन्स्टिट्यूटच्या चार ‘टियर’ श्रेणी आहेत. अमेरिकेतल्या टीआयए या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेचं ‘टीआयए ९४२’ हे मानक २००५ पासून आहे. युरोपचं ‘ईएन ५०६००’ आहे आणि त्याच्या आधाराने आलेली ‘आयएसओ/आयईसी २२२३७’ ही मालिका आहे. यूपीएससाठी ‘आयईसी ६२०४०’, स्विचगियरच्या पॅनेलसाठी ‘आयईसी ६१४३९’ आहे. पण पहिल्या प्रकारची मानकं इमारत कशी हवी ते सांगतात. दुसऱ्या प्रकारची मानकं वस्तूचा नमुना कोणत्या चाचणीला उतरला पाहिजे ते सांगतात. प्रयोगशाळेत गेलेला तो एक नमुना पास झाला, प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर तीन वर्षांनी, दिवाळीआधीच्या घाईत, रात्रपाळीला तयार झालेला चार हजारावा नग तसाच आहे का, याचं उत्तर त्या प्रमाणपत्रात नसतं. ते कारखान्याच्या रोजच्या वागणुकीत असतं. त्या वागणुकीसाठी आज आहे ते ‘आयएसओ ९००१’, आणि ते बिस्किटाच्या कारखान्यापासून इस्पितळापर्यंत सगळ्यांना लागू पडेल अशा बेताने लिहिलेलं आहे.

डेटा सेंटर बांधणारे यावर एक ठरलेलं उत्तर देतात: आमच्याकडे सगळं दुहेरी आहे. एक यूपीएस गेला तर दुसरा आहे, एक चिलर गेला तर जास्तीचा आहे. या उत्तराचं गणित सोपं आहे. समजा, एखादं यंत्र विशिष्ट काळात बंद पडण्याची शक्यता हजारात एक आहे. तर दोन यंत्रं एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. गणित बरोबर आहे, पण त्याला एक अट आहे. दोन्ही यंत्रांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. विहिरीत उतरणाऱ्याने दोन दोर बांधले आणि दोन्ही एकाच कुजक्या काथ्याचे निघाले, तर दुसऱ्या दोराचा आधार किती धरायचा?

प्रत्यक्षात होतं ते असं. ‘अ’ बाजूचा आणि ‘ब’ बाजूचा यूपीएस एकाच ऑर्डरमध्ये घेतला जातो. दोन्ही एकाच महिन्यात तयार होतात. दोन्हींतले कपॅसिटर एकाच लॉटचे असतात, कंट्रोल कार्डावर एकच सॉफ्टवेअर असतं, टर्मिनलचे बोल्ट एकाच माणसाने एकाच पान्याने आवळलेले असतात. लॉटमध्ये दोष असेल तर तो दोन्ही बाजूंना आहे, आणि दोन्ही बाजूंचं आयुष्य सारखंच सरत आहे. कपॅसिटर ही कल्पनेतली भीती नाही. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभरात संगणकांच्या बोर्डांवरचे अॅल्युमिनियमचे कपॅसिटर फुगून फुटू लागले होते. त्यांच्या आतल्या द्रवाचं रसायन सदोष होतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या नामांकित होत्या, त्यांचं डिझाइन ठीक होतं, चाचण्या पास होत्या. दोष तीन-चार पायऱ्या खालच्या पुरवठादाराकडे होता आणि माल बाजारात गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी दिसू लागला.

याहूनही बोलकं उदाहरण जमिनीचं आहे. डेटा सेंटरमध्ये खालून थंड हवा खेळवण्यासाठी उंचावलेली जमीन असते, तिच्या टाइल्सच्या तळाला पोलादी पत्रा असतो. गंज येऊ नये म्हणून काही पुरवठादार त्या पत्र्याला झिंक प्लेटिंग करत. विजेच्या मुलाम्यातल्या त्या जस्तातून वर्षानुवर्षं केसापेक्षाही बारीक, काही मिलिमीटर लांबीचे धातूचे तंतू उगवत राहतात. कुणीतरी दुरुस्तीसाठी टाइल उचलतो, तंतू तुटून हवेत जातात, सर्व्हरचे पंखे ते आत ओढतात आणि पॉवर सप्लायमध्ये शॉर्ट होतो. सर्व्हर बदलला तरी बिघाड थांबत नाही. नासाच्या अभियंत्यांनी या तंतूंवर बरंच काम केलं आहे. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग केलेल्या पत्र्यात हा धोका फारच कमी. ड्रॉइंगवर फक्त ‘गंजरोधक लेप’ एवढंच लिहिलेलं असेल, तर पुरवठादाराने स्वस्त पर्याय निवडला यात नियमभंग काहीच नव्हता. ही निवड खरेदीदाराला कळवायला हवी होती, आणि कळवण्याची सक्ती करणारा नियम नव्हता.

गुणवत्तेचं शास्त्र टेलिफोनच्या धंद्यातच जन्माला आलं आहे. अमेरिकेत बेल टेलिफोनला लागणारी सगळी यंत्रं वेस्टर्न इलेक्ट्रिक बनवत असे. शिकागोजवळच्या त्यांच्या हॉथॉर्न कारखान्यात हजारो लोक काम करत. तयार माल तपासून वाईट नग बाजूला काढायचा, एवढीच तेव्हाची पद्धत. १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या साहेबाला एक पानभर टिपण दिलं. त्यात एक छोटी आकृती होती, आजच्या कंट्रोल चार्टचं पहिलं रूप. उत्पादनात होणारे चढउतार नेहमीचे कोणते आणि काहीतरी बिघडल्याची खूण कोणते, हे त्यावरून ओळखता येत होतं. नंतर जगभर गाजलेले डेमिंग आणि जुरान हे दोघेही तरुणपणी हॉथॉर्नमध्ये काम करून गेले होते. शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतातही आले होते.

टेलिफोन कंपनी आणि तिचा कारखाना एकाच घरातले होते तोवर हे जमून गेलं. १ जानेवारी १९८४ ला बेलचं विभाजन झालं. सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या आणि त्यांना बाजारातून कुणाकडूनही स्विच, केबल, ट्रान्समिशनची उपकरणं घेण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक आली तसा गोंधळही आला. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, तपासनीस वेगळे, बिघाड मोजण्याची रीत वेगळी. एकाच पुरवठादाराला चार गिऱ्हाइकांसाठी चार वह्या ठेवाव्या लागत आणि चारही गिऱ्हाइकांना कळत नसे की आपल्याला आलेला माल इतरांपेक्षा बरा आहे की वाईट. १९९८ मध्ये यातल्या काही बेल कंपन्यांनी पुढाकार घेऊन पुरवठादारांसह ‘क्वेस्ट फोरम’ स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘टीएल ९०००’ हे मानक आलं.

टीएल ९००० चा एक भाग नेहमीसारखा आहे. आयएसओ ९००१ च्या अटी आणि त्यावर दूरसंचाराच्या जादा अटी. त्याचं वेगळेपण दुसऱ्या भागात आहे, तो म्हणजे मोजमापांची वही. प्रमाणपत्र हवं असेल तर पुरवठादाराने ठरलेल्या व्याख्यांप्रमाणे आकडे कळवायचे. गिऱ्हाइकांकडून किती तक्रारी आल्या, त्या किती वेळात सोडवल्या, माल किती वेळा वेळेवर पोचला, यंत्रणा किती मिनिटं बंद राहिली, बदलता येण्याजोगे किती भाग परत आले. परत येणाऱ्या भागांचेही तीन गट: पहिल्या सहा महिन्यांत आलेले, त्यानंतरच्या वर्षभरात आलेले आणि दीड वर्षानंतर आलेले. लवकर परत आलेला भाग बहुधा कारखान्यातली किंवा वाहतुकीतली चूक सांगतो, उशिरा आलेला झीज सांगतो. हे आकडे गोळा करायचं काम टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेकडे सोपवलं गेलं. विद्यापीठ ना माल विकतं ना विकत घेतं. कंपनीचं नाव गुप्त ठेवून त्या-त्या उत्पादन गटाची सरासरी आणि सर्वोत्तम कामगिरी जाहीर केली जाई. आपण सरासरीच्या कुठे आहोत हे प्रत्येकाला कळे, शेजारी कुठे आहे हे कळत नसे.

या मानकाच्या जाड पुस्तकातली बाकी सगळी कलमं बाजूला ठेवून मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी ही वही निवडीन. ऑडिटर वर्षातून दोन-चार दिवस येतो आणि त्याला दाखवलेलं पाहतो. बाराही महिने भरत राहिलेली, सगळ्यांनी एकाच व्याख्येने भरलेली, तिसऱ्याच्या हातात असलेली वही जे सांगते ते ऑडिटमधून कधीच कळत नाही.

क्वेस्ट फोरम २०१७ मध्ये टीआयएमध्ये विलीन झाला आणि तीच संस्था आता डेटा सेंटरच्या पुरवठादारांसाठी गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक तयार करण्याच्या कामाला लागली आहे. हे काम टेलिफोनपेक्षा अवघड आहे, आणि अवघडपणा नेमका मोजण्यातच आहे.

चिलरचा ‘बिघाड’ म्हणजे काय? यूपीएसने स्वतःहून बायपासवर उडी मारली, सर्व्हरना काहीच कळलं नाही, पाच मिनिटांनी तो परत आला. हे मोजायचं की नाही? बॅटरी मुदत संपली म्हणून बदलली की तिचा अंतर्गत रोध वाढल्याचं मॉनिटरने दाखवलं म्हणून बदलली? शिशाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंश वाढीला सुमारे निम्मं होतं. तेव्हा खोलीचं तापमान लिहून न ठेवता बॅटरी लवकर गेली असं म्हणणं पुरवठादारावर अन्याय ठरेल. आकडा कशाला भागायचा, नगांना, मेगावॅटला की चालू तासांना? वर्षातून वीस तास चालणारा जनरेटर आणि चोवीस तास चालणारा पंप एका मापाने मोजता येणार नाहीत. आणि बसबारचा सांधा तापून जळाला, तर दोष बसबार बनवणाऱ्याचा, तो जोडणाऱ्या कंत्राटदाराचा, की टॉर्कची खूण न तपासता सही करणाऱ्याचा?

शेवटचा प्रश्न तर प्रत्येक घटनेत उभा राहतो. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापूरमध्ये डीबीएस आणि सिटी बँकेच्या सेवा कोलमडल्या. सुमारे २५ लाख व्यवहार आणि एटीएमची कामं पूर्ण होऊ शकली नाहीत. डेटा सेंटरमधल्या कूलिंग यंत्रणेचं अद्ययावतीकरण सुरू होतं आणि कंत्राटदाराने चुकीचा संदेश पाठवल्याने थंड पाण्याच्या साठवण टाक्यांचे व्हॉल्व बंद झाले होते. यंत्र एकही खराब नव्हतं. त्या आधीच्या एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या एका केंद्रात कूलिंगचं पाणी गळून बॅटरी खोलीत शिरलं, आग लागली आणि गूगलची तिथली सेवा बंद पडली. पाणी एका पुरवठादाराचं, बॅटरी दुसऱ्याची, खोलीची आखणी तिसऱ्याची. म्हणून नव्या मानकाने कारखान्याच्या फाटकाशी थांबून चालणार नाही. वाहतूक, साठवण, बसवणं, पहिल्यांदा सुरू करणं, देखभालीला येणारा माणूस, हे सगळं त्याच्या कक्षेत यायला हवं.

या धंद्यात यासाठी एक चांगली रीत आधीपासून आहे. यंत्र पाच पातळ्यांतून जातं. कारखान्यात साक्षीदारासमोर चाचणी, साइटवर आल्यावर तपासणी, जोडून झाल्यावर सुरू करून पाहणं, एकट्या यंत्रणेची पूर्ण चाचणी, आणि शेवटी सगळ्या यंत्रणा एकत्र. पातळी पार झाली की यंत्रावर त्या रंगाचा टॅग लागतो. पाचव्या पातळीला खोटा भार म्हणून हीटरसारखे लोड बँक लावतात आणि मुद्दाम वीज तोडतात. इमारत काळोखात जाते की तगते ते तिथे दिसतं. पण पाचव्या पातळीला सापडलेला दोष पहिल्या पातळीच्या कारखान्यापर्यंत परत जातो का? साइटवर दुरुस्त करून, सह्या घेऊन, ताबा देऊन सगळे मोकळे होतात. कारखान्यातल्या ज्या माणसाने ती वायर उलटी जोडली होती त्याला कधी कळतच नाही, आणि पुढच्या साइटला तीच वायर उलटी जाते. हा उलटा रस्ता बांधणं हेच पुरवठादारांच्या मानकाचं खरं काम आहे.

आणि हे काम आत्ताच करावं लागणार आहे, कारण आत्ताच सगळं बदलत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातली डेटा सेंटर सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरत होती, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक, ९४५ च्या आसपास जाईल असा तिचा अंदाज आहे. एआयची मागणी आल्यापासून ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर, जनरेटर यांसाठी वर्ष-दोन वर्षांच्या रांगा लागल्या आहेत. रांग लांबली की खरेदीदार नव्या, अनोळखी पुरवठादाराकडे वळतो. जुना पुरवठादार नवी शिफ्ट सुरू करतो, नवखी माणसं घेतो, नेहमीचा सुटा भाग मिळेना म्हणून दुसऱ्याचा घेतो. साक्षीदारासमोरची चाचणी व्हिडिओवर उरकली जाते. यातली एकेक गोष्ट समजण्यासारखी आहे. सगळ्या एकत्र आल्या की दोन-तीन वर्षांनी उगवणाऱ्या बिघाडांची पेरणी होते.

त्यातच पाणी थेट संगणकाच्या अंगाला येऊन भिडलं आहे. एका रॅकला पाच-दहा किलोवॅट वीज लागते असं धरून ज्या इमारती बांधल्या, तिथे आज एनव्हिडियाची ७२ प्रोसेसरांची रॅक सुमारे १२० किलोवॅट मागते. हवेने ती थंड होत नाही. चिपवर तांब्याची थंड पट्टी बसवतात, तिच्यातल्या अतिशय अरुंद खाचांमधून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरतं. या वाटेवर होज, मॅनिफोल्ड, झटकन जोडता-सोडता येणारे कपलिंग, पंप, गाळण्या, रबरी रिंगा आहेत. वेल्डिंगनंतर पाइप नीट धुतला नाही तर धातूचा कण त्या खाचेत अडकतो. वाटेत कुणी तांब्याच्या शेजारी अॅल्युमिनियमचा भाग बसवला तर गंज सुरू होतो. रिंगेचं रबर त्या द्रवाशी जुळणारं नसेल तर ते फुगतं. पाण्यात जंतुरोधकाचं प्रमाण चुकलं तर आत शेवाळासारखा थर धरतो. दहा पुरवठादारांचे दहा भाग एकाच पाण्यात भिजणार आहेत. तेव्हा पाण्याला लागणाऱ्या प्रत्येक पदार्थाची यादी आणि ती बदलण्यापूर्वी कळवण्याचं बंधन, या दोन गोष्टी मानकात नसतील तर ते मानक निरुपयोगी ठरेल असं मी स्पष्टच म्हणेन. आग लागलेल्या बॅटरी खोलीचे फोटो छापून येतात. एका रॅकखाली साचलेल्या पाण्याचे येत नाहीत, पण त्या रॅकची किंमत कोट्यवधींत असते.

आता आपल्या भागाकडे येतो. डेटा सेंटरचं पुष्कळसं सामान महाराष्ट्रात बनतं किंवा बनू शकतं. डिझेल जनरेटरची इंजिनं फलटणला आणि कागलला तयार होतात. पॅनेलचे पत्रे, रॅक, बसबारचे आधार, पंपाची कास्टिंग, पाइपचे जोड यांसाठी भोसरी, चाकण, वाळूज, अंबड-सातपूर, कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे हजारो छोटे कारखाने आहेत. आणि या कारखान्यांना असल्या मानकाचा अनुभव आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोटार कंपन्यांनी, फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी, आपापल्या वेगळ्या वह्या मोडून ‘क्यूएस ९०००’ हे सामाईक मानक आणलं. त्यातून पुढे ‘टीएस १६९४९’ आणि २०१६ मध्ये ‘आयएटीएफ १६९४९’ आलं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात त्या काळी काय झालं ते इथल्या कुठल्याही जुन्या कारखानदाराला विचारा. कंट्रोल प्लॅन, एफएमईए, पीपॅप हे शब्द शॉप फ्लोअरवर मराठी वाक्यांत रुळले. गेज कॅलिब्रेट करायची शिस्त लागली. ‘फोर-एम चेंज’ म्हणजे माणूस, यंत्र, माल किंवा पद्धत यातलं काहीही बदललं की गिऱ्हाइकाला कळवायचं, हे ऑपरेटरलाही पाठ झालं. झिंक प्लेटिंगची ती गोष्ट मोटारींच्या पुरवठा साखळीत घडली असती, तर प्लेटिंगवाला बदलला या एका कारणासाठी नवा पीपॅप, म्हणजे त्या भागाला गिऱ्हाइकाची नव्याने मंजुरी घेणं, करावा लागला असता.

भीतीही खरी आहे. आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपला प्रत्येक नवं मानक म्हणजे सल्लागाराची फी, ऑडिटची फी, कागद भरायला एक जादा माणूस. ही फी शेवटी मोठं गिऱ्हाईक दरात देत नाही. प्रमाणपत्रांचा बाजारही आपल्याकडे मोठा आहे. मान्यता नसलेल्या संस्थांकडून चार दिवसांत मिळालेला आयएसओ ९००१ चा कागद भिंतीवर लावलेले कारखाने कमी नाहीत. अशा कागदाने प्रामाणिक कारखानदाराचंच नुकसान होतं, कारण गिऱ्हाइकाला दोघे सारखेच दिसतात. आयएटीएफ या मोटार उद्योगाच्या गटाने यावर उपाय म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर स्वतःची थेट देखरेख ठेवली, कारखान्याच्या आकारानुसार ऑडिटचे किमान दिवस ठरवले, गिऱ्हाइकाच्या गंभीर तक्रारीनंतर प्रमाणपत्र निलंबित होण्याची सोय केली. डेटा सेंटरच्या मानकाला हा कडकपणा पहिल्या दिवसापासून हवा. आणि छोट्यांसाठी पायऱ्या हव्यात. लॉट नंबर, बदलाची पूर्वसूचना आणि परत आलेल्या मालाची नोंद या तीन गोष्टी पहिल्या वर्षी, बाकीचं पुढे.

मोठा अडसर मात्र छोट्यांकडून येणार नाही. तो गुप्ततेचा आहे. मोटारींच्या धंद्यात गाडी रस्त्यावर असते, बिघाड लपत नाही. डेटा सेंटरमधला बिघाड गोपनीयतेच्या कराराखाली गाडला जातो. चालवणाऱ्याला गिऱ्हाईक जाण्याची भीती, पुरवठादाराला नाव जाण्याची, वकिलांना दाव्याची. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या केंद्राला मार्च २०२१ मध्ये आग लागली तेव्हा संस्थापकाने दुसऱ्याच दिवशी उघडपणे सांगितलं की एका यूपीएसची आदल्या दिवशी दुरुस्ती झाली होती. एवढं मोकळेपण या धंद्यात दुर्मिळ आहे. विमान वाहतुकीत अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे नाव गुप्त ठेवून चुका कळवण्याची सोय आहे, आणि वैमानिकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण नासा त्यांच्यावर कारवाई करणारी संस्था नव्हती. टीएल ९००० च्या वहीलाही विश्वास मिळाला तो त्याच कारणाने, ती विद्यापीठात होती म्हणून.

भारतात अशी वही कुणी ठेवायची, हे आत्ताच ठरवायला हवं. जागतिक मानक येईल तेव्हा त्याच्या वहीत नवी मुंबईची हवा आपोआप येणार नाही. खाडीची दमट हवा आणि औद्योगिक पट्ट्यातले गंधकाचे अंश सर्किट बोर्डावरची चांदी आणि तांबं खातात. म्हणून अशा ठिकाणी सर्व्हरच्या खोलीत धातूच्या पट्ट्या टांगून त्यांच्यावर दर महिन्याला किती गंज चढतो ते मोजतात. पावसाळ्यातलं विजेचं येणं-जाणं, दाबातले चढउतार, मे महिन्यातलं छतावरचं तापमान यांतून जाणाऱ्या यंत्रांचे आकडे युरोपातल्या यंत्रांच्या सरासरीत मिसळले तर आपल्यालाही उपयोग नाही आणि त्यांनाही नाही. इथले आकडे इथल्या परिस्थितीसह वेगळे ठेवावे लागतील.

शूहार्टना बोलावणारी भारतीय सांख्यिकी संस्था अजून आहे, आणि तिचे गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग मुंबईत आणि पुण्यात काम करतात. ती माल विकत नाही, विकत घेत नाही, दंडही करत नाही. नवी मुंबईतले चार-पाच डेटा सेंटर चालक आणि त्यांचे पंधरा-वीस पुरवठादार एकत्र बसले, तर सुरुवात एकाच वस्तूपासून करता येईल. माझ्या मते ती बॅटरी असावी. लॉट नंबर, बसवल्याची तारीख, खोलीचं तापमान, काढल्याची तारीख आणि काढण्याचं कारण, एवढे पाच रकाने. खरेदीच्या ऑर्डरमध्ये ही माहिती देण्या-घेण्याचं एक कलम टाकायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय समितीच्या मतदानाची वाट पाहावी लागत नाही.